गवतातला ससा आणि ढोलीतला कोळी

ठाणे जिल्ह्यातील भिवंडी हे यंत्रमागांचे शहर म्हणून सर्व देशाला ठाऊक आहे. कामवारी नदीच्या काठी वसलेल्या या शहरात निजामपुरा नावाची एक जुनी वस्ती आहे. शहराच्या महानगरपालिकेच्या नावातही भिवंडीच्या जोडीला निजामपूर हे नाव येते. या भागातून जाताना मागांचा खडखडाट कानांवर पडतो आणि त्यात पाखरांची किलबिलही बुडून जाते. येथे राहणाऱ्या मुलास असे वाटणे साहजिक आहे, की रानातील प्राणी पाहावयाचे तर फार दूर कोठेतरी गेले पाहिजे. वस्तुस्थिती तशी नाही. शहराची वस्ती संपली की भाताची खाचरे लागतात. खाचरांच्या पलीकडे वरकस जमिनीचे गवताळ उतार दिसतात. त्यांच्याही पलीकडे एका बाजूस तुंगारेश्वराचे डोंगर, दुसऱ्या बाजूस तानसा तलावाभोवतीचे अभयारण्य आणि खाडी ओलांडली की संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, अशी रानांची रांगच या शहराभोवती उभी आहे.

या रानांच्या टापूत आढळणाऱ्या दोन प्राण्यांची ओळख आपण या पाठात करून घेणार आहोत. त्यांपैकी पहिला रानससा आणि दुसरा झाडाच्या ढोलीत राहणारा मोठा, केसाळ कोळी. पहिल्याचे नाव काढताच लहानथोरांच्या मुखावर हसू उमटते. दुसऱ्याचे नाव काढताच अंगावर काटा उभा राहतो. ससा आपणांस आवडतो, कोळी आवडत नाही. परंतु आवड आणि नावड हे काही ज्ञान नव्हे. आपण ज्याच्यावर प्रेम करतो त्यालाही पुष्कळदा ओळखत नाही, आणि ज्याला भितो त्यालाही ओळखत नाही. म्हणून आवडनिवड क्षणभर दूर ठेवून या दोघांना शेजारी शेजारी उभे करू आणि नीट न्याहाळून पाहू.

प्रथम ससा पाहू. ससा म्हटले की पुष्कळ मुलांच्या डोळ्यांसमोर पिंजऱ्यातला पांढराशुभ्र, लाल डोळ्यांचा प्राणी उभा राहतो. तो आपल्या रानातला नव्हे. त्याचे पूर्वज युरोपातील असून माणसाने त्याला पाळीव केले आहे. मराठीत आपण दोघांनाही ससाच म्हणतो. पण त्यांच्या रीती अगदी भिन्न आहेत. युरोपातील ससा जमिनीत बिळे खणतो, कळपाने राहतो आणि त्याची पिले जन्मतात तेव्हा ती आंधळी व उघड्या अंगाची असतात. आपला रानससा बीळ खणत नाही आणि बहुधा एकटा राहतो. तो माणसाळतही नाही. त्याच्या मानेच्या मागील बाजूस काळसर पट्टा असतो. म्हणून शास्त्रज्ञांनी 1823 साली त्याला जे लॅटिन नाव दिले, त्याचा अर्थ ‘काळ्या मानेचा ससा’ असा होतो. दक्षिणेकडील सशांत हा पट्टा ठळक दिसतो.

रानसशाचा रंग वाळलेल्या गवतासारखा तपकिरी असून त्यात काळ्या केसांची छटा मिसळलेली असते. पोटाकडची बाजू पांढरी असते. त्याचे वजन सामान्यतः दोन ते साडेतीन किलोग्रॅम भरते. त्याचे मागचे पाय पुढच्या पायांहून लांब व बळकट असतात, त्यामुळे तो उड्या घेत धावतो. पाठलाग होऊ लागला की तो एका सरळ रेषेत पळत नाही. क्षणात डावीकडे, क्षणात उजवीकडे अशी वळणे घेतो, आणि मागचा कोल्हा किंवा कुत्रा आपल्याच वेगाने पुढे निघून जातो. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे मान न वळवताही त्याला बराचसा मागचा प्रदेश दिसतो. लांब कान तर बारीकशी चाहूलही टिपतात. या कानांचा आणखी एक उपयोग आहे. कानांच्या पातळ त्वचेखाली रक्तवाहिन्यांचे जाळे असते. त्यातून वाहणारे रक्त वाऱ्याने निवते आणि उन्हाळ्यात शरीराची उष्णता कमी होते.

सशाचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात आणि गवत व कोंब चावताना झिजतही राहतात. उंदराचेही दात असेच असतात, म्हणून पूर्वी सशाची गणना उंदरांच्या वर्गात होत असे. परंतु सशाच्या वरच्या जबड्यातील पुढच्या दोन दातांच्या मागे आणखी दोन लहान दात असतात. उंदराला ते नसतात. या व इतर काही भेदांमुळे सशांचा गण वेगळा मानला जातो. गवत पचविणे अवघड असते. गाय त्यासाठी रवंथ करते. सशाची युक्ती निराळी आहे. एकदा पोटातून गेलेले अर्धवट पचलेले अन्न मऊ लेंड्यांच्या रूपाने बाहेर येते, ते तो पुन्हा खातो. दुसऱ्या खेपेस उरलेले सत्त्व शरीरात शोषले जाते आणि मग कोरड्या, कडक लेंड्या पडतात. माळावर आपणांस दिसतात त्या या दुसऱ्या प्रकारच्या.

आता ढोलीतल्या कोळ्याकडे वळू. सह्याद्रीच्या रानांत, तसेच भारताच्या आणखी काही भागांत हा कोळी राहतो. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातही त्याची नोंद झालेली आहे. इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ पोकॉक यांनी 1899 साली त्याचे वर्णन प्रसिद्ध करून त्याला ‘पोइसिलोथेरिया रिगॅलिस’ असे नाव दिले. यातील पहिल्या शब्दाचा अर्थ ‘चित्रविचित्र अंगाचा प्राणी’ आणि दुसऱ्याचा ‘राजेशाही’. नाव सार्थ आहे. याचे अंग करडे, पांढरे व काळे अशा नक्षीने मढलेले असते. ही नक्षी झाडाच्या सालीशी इतकी जुळते, की खोडावर स्तब्ध बसलेला कोळी पाहणाऱ्याच्या नजरेतून सहज निसटतो. मात्र त्याच्या पुढच्या पायांची खालची बाजू भडक पिवळी असते. पाय पसरले असता पूर्ण वाढलेली मादी मोठ्या माणसाच्या पंजाएवढी भरते.

अशा मोठ्या केसाळ कोळ्यांना ‘टॅरंटुला’ म्हणतात. या शब्दाची कथा मोठी मौजेची आहे. इटली देशात टारांटो नावाचे शहर आहे. तेथील शेतांत राहणाऱ्या एका कोळ्यास त्या शहरावरून हे नाव पडले. तो चावला असता मनुष्याने बेभान होऊन नाचले तरच प्राण वाचतात, अशी तेथील लोकांची जुनी समजूत होती. त्यावरून तेथे एका नाचालाही नाव मिळाले. पुढे युरोपीय लोक दूरदेशी गेले, तेथे त्यांना मोठे केसाळ कोळी दिसले, आणि त्यांनी तेच नाव या कोळ्यांना लावले. वस्तुतः इटलीतील तो मूळचा कोळी या कुळातलाच नव्हे. एकाची भीती दुसऱ्याच्या माथी कशी मारली जाते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

पुष्कळ लोक कोळ्याला कीटक समजतात. कीटकांना सहा पाय असतात, कोळ्याला आठ. कीटकाच्या शरीराचे डोके, छाती व पोट असे तीन भाग असतात. कोळ्याचे डोके व छाती एकत्र जोडलेली असून त्या भागाला शिरोवक्ष म्हणतात, आणि मागच्या भागाला उदर म्हणतात. शिरोवक्षाच्या पुढे दोन वाकडे विषदंत असतात. ते वरून खाली रोवले जातात. डोक्यावर आठ लहान डोळे असूनही या कोळ्याची दृष्टी अधू असते. त्याची उणीव अंगावरचे केस भरून काढतात. जवळून एखादे झुरळ चालले किंवा पतंग फडफडला, तर त्याने उठणारी बारीकशी थरथर केसांना कळते. जणू हा प्राणी अंगावरच्या केसांनीच ऐकतो!

भिवंडीच्या मुलांना सूत आणि माग ही परिचयाची आहेत. माणसाचे सूत कापसाच्या बोंडातून येते किंवा कारखान्यात तयार होते. कोळी मात्र आपले सूत आपल्याच पोटात करतो. तेथील ग्रंथींत एक द्रव पदार्थ असतो. तो उदराच्या टोकाशी असलेल्या लहान अवयवांतून ओढला जात असता त्याचा चिवट धागा होतो. घरातील किंवा बागेतील काही कोळी या धाग्याचे जाळे पसरून त्यात माशा पकडतात. ढोलीतला कोळी तसले जाळे विणत नाही. तो आपल्या धाग्याने ढोलीच्या आतील बाजूस अस्तर लावतो आणि त्या रेशमी घरात दिवसभर बसून राहतो. अंधार पडला की तो ढोलीच्या तोंडाशी येतो. भक्ष्य टप्प्यात आले की विजेच्या वेगाने झडप घालून त्याला धरतो. कोळ्याला चावून गिळता येत नाही. तो भक्ष्याच्या शरीरात पाचक रस सोडतो आणि विरघळलेले अन्न शोषून घेतो. झुरळे, भुंगेरे, पतंग, रातकिडे हे त्याचे मुख्य अन्न.

आता या दोघांची तुलना करू. सशाचा सांगाडा आपल्यासारखाच शरीराच्या आत असतो. शरीराबरोबर हाडेही वाढतात. कोळ्याचा सांगाडा म्हणजे त्याच्या अंगावरचे कठीण कवच होय. घर लहान पडू लागले की आपण नवे बांधतो. कोळ्यालाही वाढताना जुने कवच टाकून नवे धारण करावे लागते. यालाच कात टाकणे म्हणतात. या क्रियेच्या वेळी एक नवल घडते. एखादा पाय तुटलेला असेल, तर पुढच्या कातींच्या वेळी तो पुन्हा हळूहळू उगवतो. सशाचा तुटलेला पाय मात्र कधीही परत येत नाही. सशाचे रक्त लाल असते, कारण त्यातील लोहयुक्त द्रव्य प्राणवायू वाहून नेते. कोळ्याच्या रक्तात त्या कामासाठी तांबे असलेले द्रव्य असते, म्हणून प्राणवायू मिळाला असता ते निळसर दिसते. ससा फुप्फुसांनी श्वास घेतो. कोळ्याच्या उदराच्या खालच्या बाजूस पुस्तकाच्या पानांसारखे पातळ पडदे एकावर एक रचलेले असतात. त्यांतून हवा खेळते. या अवयवाला पुस्तक-फुप्फुस असेच म्हणतात.

धावण्याची रीतही वेगळी. सशाचे पाय स्नायूंच्या बळावर आखडतात आणि स्नायूंच्याच बळावर लांब होतात. कोळ्याचे पाय आखडण्यासाठी स्नायू आहेत. परंतु पायांतील मुख्य सांधे सरळ करण्यासाठी तो शरीरातील द्रवाचा दाब वापरतो. रबरी नळीत जोराने पाणी सोडले असता ती जशी ताठ होते, तसे त्याचे पाय ताठ होतात. मेलेल्या कोळ्याचे पाय पोटाशी मुडपलेले का असतात, याचे उत्तर यातच आहे. प्राण गेला की दाब गेला, आणि दाब गेला की पाय मिटले.

इतके भेद पाहिल्यावर या दोघांत समान असे काहीच नसावे, असे वाटेल. परंतु त्यांची दिनचर्या पाहा. दोघेही दिवसा दडून बसतात आणि अंधार पडू लागला की बाहेर येतात. दोघांचेही रंग आपल्या घराशी मिळून जाणारे. ससा उंच गवतात किंवा झुडपाच्या आडोशाला अंगाने दाबून एक उथळ खळगा करतो आणि त्यात कान पाठीवर टेकून निश्चल बसतो. कोळी ढोलीत पाय आवरून तितकाच निश्चल बसतो. संकट आले तर दोघांचाही पहिला उपाय एकच: हालचाल करावयाची नाही. कोल्हा दोन पावलांवर आला तरी ससा तसाच बसून राहतो आणि अगदी शेवटच्या क्षणी झेप घेऊन निसटतो. कोळीही डिवचला गेला तर प्रथम आत पळतो. वाटच उरली नाही, तर पुढचे पाय वर उचलून तो पिवळा रंग दाखवितो. ‘मागे व्हा’ असा तो इशारा असतो. तो इशारा न मानता कोणी हात पुढे केलाच तर तो चावतो. याचा दंश फार वेदना देतो. स्नायूंत पेटके येतात आणि हा त्रास काही दिवसही टिकू शकतो. म्हणून अशा कोळ्यास कधीही हात लावू नये, आणि दंश झालाच तर विलंब न करता रुग्णालयात जावे. तथापि या कोळ्याच्या दंशाने मनुष्य मेल्याची खात्रीलायक नोंद नाही. मनुष्य हे त्याचे भक्ष्य नव्हे. मनुष्य हे त्याचे संकट आहे.

पिलांच्या बाबतीत तर आपल्या समजुती उलट्यापालट्या होतात. कोमल सशाची मादी पिलांना कुशीत घेऊन बसत असेल आणि भयंकर कोळी आपल्या अंड्यांकडे ढुंकूनही पाहत नसेल, असे कोणासही वाटेल. घडते ते निराळेच. सशाची मादी सुमारे सहा आठवड्यांच्या गर्भधारणेनंतर एक ते चार पिलांना जन्म देते. ही पिले अंगभर केस असलेली व डोळे उघडे असलेली अशी जन्मतात आणि थोड्याच वेळात हालचाल करू लागतात. आई त्यांना गवतात ठेवून निघून जाते. ती येते ती केवळ दूध पाजण्यासाठी, आणि तेही थोड्याच वेळासाठी. उलट कोळ्याची मादी आपली शंभराच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक अंडी रेशमी पिशवीत बांधते आणि ती पिशवी राखीत बसते. पिले बाहेर आल्यावरही काही काळ तिच्याच ढोलीत राहतात. निरनिराळ्या वयांचे अनेक कोळी एकाच ढोलीत नांदताना आढळले आहेत. मोठ्या कोळ्यांमध्ये ही गोष्ट विरळाच होय. मादी दहा वर्षांहूनही अधिक जगू शकते. नर मात्र वयात आल्यावर फार दिवस राहत नाही.

मग सशाची आई निर्दय म्हणावी काय? मुळीच नाही. लहान पिलाच्या अंगाला वास फार थोडा असतो. आई जवळ बसून राहिली, तर तिच्या वासाने कोल्हा किंवा मुंगूस तेथवर येईल. तिचे दूर राहणे हेच पिलांचे संरक्षण आहे. ही गोष्ट ठाऊक नसल्यामुळे चांगल्या मनाच्या माणसांच्या हातूनही अपकार घडतो. गवत कापताना किंवा बांधावरून जाताना कोणास एकटे पिलू दिसते. ‘बिचारे आईविना पोरके झाले’ असे समजून तो ते उचलतो आणि घरी आणतो. वस्तुतः आई जवळपासच असते आणि सांज होताच परत येणार असते. घरी आणलेले असे पिलू बहुधा जगत नाही. येथे त्या माणसाच्या मनात दुष्टपणा नव्हता, दयाच होती. उणीव होती ती ज्ञानाची. कोळ्याला पाहताच झाडू किंवा चप्पल उगारणाऱ्याच्या मनातही दुष्टपणा नसतो, भीती असते. एका प्राण्याचा जीव अडाणी दयेने जातो, दुसऱ्याचा अडाणी भीतीने.

आपल्या पूर्वजांनी या दोन्ही प्राण्यांकडे बारकाईने पाहिले होते, याची साक्ष भाषा देते. चंद्रावरच्या डागात त्यांना ससा दिसला, म्हणून चंद्राला शशांक व शशी ही नावे मिळाली. कधीच घडू न शकणाऱ्या गोष्टीला शशशृंग, म्हणजे सशाचे शिंग, असे म्हणतात. भित्र्या मनुष्याचे काळीज सशाचे ठरते. कोळ्याला संस्कृतात ऊर्णनाभ हे नाव आहे. पोटातून धागा काढणारा असा त्याचा भाव. भागवतात जे चोवीस गुरू सांगितले आहेत, त्यांत कोळीही एक आहे. इस्लामी परंपरेतही, पैगंबर गुहेत आश्रयाला असताना गुहेच्या तोंडाशी कोळ्याने जाळे विणले आणि पाठलाग करणारे परत फिरले, अशी कथा सांगितली जाते. ठाण्याच्या खाडीकाठी जाळी टाकून मासे धरणाऱ्या समाजालाही आपण कोळी म्हणतो. यावरून दिसते, की कोळ्याकडे केवळ भयाने पाहण्याची रीत काही एकच रीत नव्हे. त्याच्यापासून शिकण्याचीही रीत आपल्याकडे होती.

रानाच्या व्यवहारात या दोघांचे स्थान कोणते, हेही पाहिले पाहिजे. ससा गवत खातो; सशाला कोल्हा, रानमांजर, मुंगूस आणि गरुड खातात. ससे नाहीसे झाले तर या सर्वांच्या तोंडचा घास जाईल. कोळी रात्रीचे किडे खातो, आणि त्याच्यावरही शत्रू आहेत. कुंभारमाशीसारखी दिसणारी एका जातीची माशी मोठ्या कोळ्यांना नांगी मारून लुळे करते आणि त्यांच्यावर अंडे घालते. त्यातून निघालेली अळी त्या कोळ्यावर वाढते. ज्याला आपण भितो, तोही कोणाचे तरी अन्न आहे. गवत, किडा, कोळी, ससा, कोल्हा, गरुड हे सर्व एकाच विणीचे धागे आहेत. मागावर चालू असलेल्या कापडाचा एक धागा तुटला की विणकर माग थांबवून तो सांधतो, कारण तसेच चालू ठेवले तर सबंध कापडात दोष उतरतो, हे त्याला ठाऊक असते. रानाच्या कापडात तुटलेला धागा सांधणारा विणकर नाही.

आणि हे धागे तुटत आहेत. हिवाळा सरून गवत वाळले की डोंगरउतारांवर वणवे लागतात. पुष्कळ वणवे माणसाच्या हातून लागतात. अशा वेळी मोठा ससा पळून जाईल. पिलू मात्र आईने ठेवले तेथेच निश्चल बसून राहते. ज्या निश्चलपणाने त्याला कोल्ह्यापासून वाचविले, तोच निश्चलपणा आगीत त्याचा घात करतो. कोळ्याचेही तसेच आहे. पक्षी आला तर ढोलीत शिरून तो वाचतो. कुऱ्हाड आली तर ढोलीच त्याची कबर होते. जुने, पोकळ झाड लाकडाच्या दृष्टीने निरुपयोगी म्हणून ते तोडण्यास कोणी कचरत नाही. एक झाड तोडले तर दहा रोपे लावू, असेही आपण म्हणतो. रोपे अवश्य लावावीत. परंतु रोपाला ढोली नसते. झाड म्हातारे व्हावे, त्याची फांदी मोडावी, तेथे लाकूड कुजावे, तेव्हा कोठे ढोली तयार होते. आणि त्याला कित्येक दशके लागतात.

आंध्र प्रदेशातील एक हकिगत या संदर्भात ध्यानात ठेवण्यासारखी आहे. आपल्या कोळ्याच्याच जवळच्या नात्यातला, गर्द निळ्या रंगाचा एक सुंदर कोळी तेथील गुत्ती गावी रेल्वेच्या लाकडाच्या वखारीत सापडला, आणि 1899 साली पोकॉक यांनी त्याचेही वर्णन केले. त्यानंतर शंभर वर्षे तो कोणाच्या दृष्टीस पडला नाही. पुढे 2001 साली, गुत्तीपासून दूर, नंद्याल आणि गिद्दलूर यांच्यामधील जंगलात तो पुन्हा आढळला. तोडलेल्या लाकडाबरोबरच तो पहिल्याने वखारीत आला असावा, असे अभ्यासकांचे मत आहे. आज ही जात नष्ट होण्याच्या उंबरठ्यावर असलेल्या जातींत गणली जाते. परदेशांतील हौशी लोक असे कोळी काचेच्या पेटीत पाळतात आणि त्यासाठी त्यांचा व्यापार चालतो. त्यावर नियंत्रण यावे म्हणून 2019 साली या कोळ्यांच्या सर्व जाती आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधने घालणाऱ्या करारात समाविष्ट करण्यात आल्या. सशाच्या शिकारीला तर आपल्या देशात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे.

कायदा आवश्यक आहे. परंतु प्रत्येक माळावर आणि प्रत्येक झाडाखाली कायद्याचा पहारेकरी उभा करता येत नाही. तेथे उभे राहणारे आपणच. बांधावर एकटे पिलू दिसले तर ते न उचलता मुकाट्याने पुढे जाणे, झाडाच्या ढोलीत काठी न खुपसणे, वाळल्या गवतात विस्तव न टाकणे, ही कामे कोणालाही करता येतात. त्यांना पैसा लागत नाही, बळ लागत नाही. थोडी माहिती आणि थोडा संयम लागतो. ससा सुंदर आहे म्हणून त्याला जगू द्यावयाचे आणि कोळी कुरूप आहे म्हणून त्याला मारावयाचे, हा न्याय नव्हे. दोघेही आपापल्या जागी पूर्ण आहेत. ज्याला ही गोष्ट उमगली, त्याला ससा पूर्वीहून अधिक आवडेल, आणि कोळ्याविषयीची भीती कमी होऊन तेथे कुतूहल उत्पन्न होईल.

शब्दार्थ

खाचर – भाताचे बांध घातलेले शेत
वरकस जमीन – डोंगरउतारावरील हलकी जमीन
टापू – प्रदेश, परिसर
ढोली – झाडाच्या खोडातील पोकळी
भक्ष्य – खाण्यासाठी पकडलेला प्राणी
निश्चल – न हलणारा, स्तब्ध
अस्तर – आतील बाजूस लावलेला थर
वखार – लाकूड इत्यादी माल साठविण्याची जागा
वणवा – रानात लागलेली आग

स्वाध्याय

1. पुढील प्रश्नांची एकेका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) रानसशाच्या लॅटिन नावाचा अर्थ काय?
(आ) कोळ्याला कीटक का म्हणता येत नाही? एक कारण सांगा.
(इ) ‘टॅरंटुला’ हे नाव कोणत्या शहरावरून पडले?
(ई) मेलेल्या कोळ्याचे पाय मुडपलेले का असतात?

2. पुढील प्रश्नांची चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) पाळीव पांढरा ससा आणि रानससा यांतील भेद स्पष्ट करा.
(आ) सशाची मादी पिलांपासून दूर राहते, यात तिचा निर्दयपणा नाही, हे पटवून द्या.
(इ) ‘रोपाला ढोली नसते’ या वाक्यातून लेखकाला काय सुचवावयाचे आहे?

3. ससा आणि कोळी यांची तुलना पुढील मुद्द्यांच्या आधारे तक्त्यात मांडा.
सांगाडा, रक्ताचा रंग, श्वसन, अन्न, निवारा, पिलांची काळजी.

4. कारणे द्या.
(अ) सशाचे दात जन्मभर वाढत असूनही फार लांब होत नाहीत.
(आ) खोडावर बसलेला कोळी सहज दिसत नाही.
(इ) एकच सवय सशाच्या पिलाला तारते आणि मारतेही.

5. भाषाभ्यास
(अ) विग्रह पाहा: शशांक – शश (ससा) आहे अंक (चिन्ह) ज्याचा तो, म्हणजे चंद्र. याच रीतीने ‘चक्रपाणी’ आणि ‘लंबोदर’ या शब्दांचा विग्रह करा.
(आ) वाक्यांत उपयोग करा: अंगावर काटा उभा राहणे, ढुंकून न पाहणे, माथी मारणे.

6. उपक्रम
तुमच्या घराच्या किंवा शाळेच्या परिसरातील एखाद्या लहान कोळ्याचे, त्याला स्पर्श न करता, सात दिवस दुरून निरीक्षण करा. तो कोठे बसतो, केव्हा हालचाल करतो, जाळे विणतो की नाही, हे रोज वहीत लिहून वर्गात वाचून दाखवा.